मधले वर्ष

जून उजाडला की आमच्या महाविद्यालयाच्या प्रवेश समितीवर मराठीच्या प्राध्यापकांची वर्णी हमखास लागते. विज्ञानाच्या मंडळींना प्रयोगशाळा असतात, मराठीवाल्यांना काय, वेळच वेळ, असा एक समज सर्वत्र रूढ आहे. तो दूर करण्याचे आम्ही दोघांनीही केव्हाच सोडून दिले आहे. त्या टेबलामागे बसून कागद तपासण्यात आमची पंधरा-सोळा वर्षे गेली. तीन वर्षांपूर्वी तेथेच एक मुलगा आमच्यासमोर उभा राहिला. बारावी उत्तीर्ण झाल्याचे साल आणि प्रवेशाचे साल यांत एका वर्षाचे अंतर होते. "गॅप आहे, प्रतिज्ञापत्र लागेल," आम्ही सवयीने म्हणालो. त्याने विचारले, "सर, गॅप म्हणजे काय?" वर्ष त्याने काढले होते, शब्द मात्र आमचा होता.

मग तो तालुक्याला गेला, सेतू कार्यालयाच्या रांगेत उभा राहिला आणि तिसऱ्या दिवशी मुद्रांक कागद घेऊन परत आला. या प्रतिज्ञापत्राचा मजकूर ठरलेला असतो. सदर कालावधीत मी अन्य कोणत्याही शिक्षणसंस्थेत प्रवेश घेतलेला नाही, कोणत्याही बेकायदेशीर कृत्यात माझा सहभाग नव्हता, वरील मजकूर खोटा आढळल्यास मी शिक्षेस पात्र राहीन, इत्यादी. कारणापुरती एक ओळ सोडलेली असते आणि तीत टंकलेखक 'घरगुती अडचणीमुळे' एवढे दोन शब्द न विचारताच भरून देतो. वडिलांचा पाय मोडल्यामुळे या मुलाने वर्षभर गोठा सांभाळला होता, पहाटे चारला उठून डेअरीला दूध घातले होते आणि सोसायटीच्या कर्जाचे हप्ते वेळेवर भरले होते. हे त्याने आम्हांला तोंडी सांगितले. कागदावर त्याला जागा नव्हती. त्या वर्षात आपण काय काय केले नाही, एवढेच त्याला शपथेवर सांगता आले.

हाच 'गॅप' शब्द इंग्लंड-अमेरिकेत मात्र छाती पुढे काढून उच्चारला जातो. शाळा संपल्यावर आणि विद्यापीठात पाऊल टाकण्यापूर्वी एक वर्ष प्रवासात, सेवेत किंवा मिळेल त्या नोकरीत घालवावे, ही तेथील मध्यमवर्गाची आता जुनी चाल झाली आहे. अमेरिकेच्या तत्कालीन अध्यक्षांची थोरली कन्या मालिया ओबामा हिने २०१६ साली हार्वर्डचा प्रवेश एक वर्ष लांबवला, तेव्हा आपल्याकडच्या पुरवण्यांतूनही या कल्पनेचे कौतुक झाले. आपल्या मुलांनीही असे का करू नये, असा त्या लेखांचा सूर होता. ते वाचताना आमच्या मनात दुसराच प्रश्न आला. एका ठिकाणी जे वर्ष अभिमानाने मिरवले जाते त्याची दुसऱ्या ठिकाणी शपथपूर्वक कबुली का द्यावी लागते? त्याचा शोध घेताना आम्ही जरा लांबच्या काळात गेलो.

या चालीचे मूळ सामान्यतः अठराव्या शतकातील 'ग्रँड टूर'मध्ये दाखवले जाते. धनिक इंग्रज घराण्यातील मुलगा सतरा-अठराव्या वर्षी, सोबत एक शिक्षक घेऊन, दोन-तीन वर्षे फ्रान्स-इटलीत हिंडून येई. या प्रथेवरची सर्वांत झोंबरी टीका आहे ती ॲडम स्मिथची, १७७६ साली प्रसिद्ध झालेल्या 'वेल्थ ऑफ नेशन्स'मध्ये. शाळेतून थेट परदेशी गेलेला मुलगा परततो तो वयाने वाढलेला असतो, एक-दोन परकीय भाषा त्याला जेमतेम येऊ लागलेल्या असतात. बाकी तो गेला त्याहून अधिक गर्विष्ठ, अधिक बेशिस्त आणि अभ्यासाला अधिक नालायक होऊन येतो, असे स्मिथ म्हणतो. मग ही प्रथा चालते कशाच्या जोरावर? एक तर विद्यापीठांची अब्रू पार गेलेली आहे. आणि दुसरे म्हणजे, डोळ्यांदेखत वाया जाणारा मुलगा काही काळ तरी बापाच्या नजरेआड होतो. (ही दुसरी सोय प्रवेश समितीवर बसणाऱ्यांना चांगलीच कळते.)

गंमत अशी की स्मिथ हे ऐकीव सांगत नव्हता. १७६४ साली ग्लासगो विद्यापीठातील प्राध्यापकाची खुर्ची सोडून तो स्वतः अशाच एका मुलाचा प्रवासी शिक्षक झाला होता. मुलगा होता ड्यूक ऑफ बक्लू. वय सतरा, नुकताच ईटनमधून बाहेर पडलेला. मोबदला वर्षाला ३०० पौंड, तोही तहहयात. तुलूझ येथे मुक्काम असताना स्मिथला करमेना, तेव्हा वेळ घालवण्यासाठी आपण एक पुस्तक लिहायला घेतले आहे, असे त्याने डेव्हिड ह्यूमला पत्राने कळवले. ते पुस्तक म्हणजे 'वेल्थ ऑफ नेशन्स'चाच आरंभ, असे बहुतेक चरित्रकार मानतात. म्हणजे ज्या ग्रंथात या मोकळ्या वर्षांचा एवढा उपहास आहे, त्याची पहिली पाने बहुधा तशाच एका मोकळ्या वर्षात लिहिली गेली. प्रवासाचा शेवट दुःखद झाला. पुढे येऊन मिळालेला ड्यूकचा धाकटा भाऊ १७६६ च्या ऑक्टोबरात पॅरिसमध्ये आजारी पडून वारला आणि मंडळी परतली. ड्यूकने स्मिथशी जन्मभर स्नेह राखला. तेव्हा त्याचे तरी वर्ष वाया गेले नसावे.

तथापि ग्रँड टूर आणि आजचे गॅप इयर यांत एक मोठा फरक आहे. ग्रँड टूर बहुधा विद्यापीठाऐवजी किंवा विद्यापीठानंतर होई. विद्यापीठातली जागा राखून ठेवलेली आहे आणि मुलगा तूर्त बाहेर आहे, हा प्रकार त्या काळी नव्हता. तो विसाव्या शतकात आला, आणि आमच्या मते तो कोणाच्या उदात्त विचारातून आला नाही. दोन वेळापत्रकांच्या फटीतून आला.

पहिली फट परीक्षेची. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांची प्रवेशपरीक्षा अनेक विद्यार्थी शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांच्या सहा सत्रांनंतर आणखी एक सातवे सत्र शाळेतच राहून देत. ती नाताळच्या आधी संपे आणि विद्यापीठाचे वर्ष सुरू होई ऑक्टोबरात. मधले नऊ महिने मुलाला ना शाळा, ना कॉलेज. जागा मात्र पक्की झालेली. घरी स्वस्थ बसवत नाही आणि भविष्याची काळजीही नाही, अशी ही अवस्था. हे सातवे सत्र १९८० च्या दशकाच्या मध्यास मागे पडले. परंतु तोवर त्या नऊ महिन्यांची सवय एका वर्गाच्या अंगवळणी पडली होती.

दुसरी फट लष्कराची. १९४९ पासून ब्रिटनमध्ये शांततेच्या काळातही तरुणांना सक्तीची लष्करी सेवा करावी लागे. आरंभी दीड वर्ष, पुढे कोरियाच्या युद्धामुळे दोन वर्षे. पुष्कळ मुले ही सेवा उरकूनच विद्यापीठात जात. त्यामुळे वर्गात वीस-एकवीस वर्षांचा नवागत दिसला तर कोणाला नवल वाटत नसे. ही सक्ती १९६० च्या अखेरीस थांबली. ती थांबणार हे दिसू लागले तेव्हाच, १९५८ साली, ॲलेक डिक्सन आणि त्यांच्या पत्नी मोरा यांनी 'व्हॉलंटरी सर्व्हिस ओव्हरसीज' ही संस्था काढली. नुकत्याच शाळा सोडलेल्या अठरा वर्षांच्या मुलांना, विद्यापीठात जाण्यापूर्वी, सारावाक, घाना अशा दूरच्या प्रदेशांत वर्षभर कामाला पाठवावे, ही मूळ कल्पना. बंदुकीच्या जागी खडू, एवढाच फरक म्हणा ना. संस्थेचा कल पुढे पदवीधर आणि प्रशिक्षित माणसांकडे झुकला. डिक्सन १९६२ मध्ये बाहेर पडले आणि त्यांनी देशातल्या देशात सेवेसाठी नवी संस्था उभारली. शाळकरी वयाच्या स्वयंसेवकांची परंपरा १९६७ साली 'प्रोजेक्ट ट्रस्ट'ने उचलली आणि १९७२ मध्ये तर 'गॅप ॲक्टिव्हिटी प्रोजेक्ट्स' अशा नावाचीच संस्था निघाली. पुढे विमानाची तिकिटे स्वस्त झाली, सेवेपेक्षा सहलीचा भाग वाढला, वर्ष विकणाऱ्या कंपन्या आल्या. २००० साली राजपुत्र विल्यम चिलीमध्ये स्वयंसेवक म्हणून गेला आणि शौचकूप घासताना त्याचे छायाचित्र जगभर छापले गेले. सध्याचा प्रकार आपल्याला ठाऊक आहेच. त्याविषयी अधिक लिहिण्यासारखे आम्हांला फारसे सापडत नाही.

या सगळ्या हकीकतीत एक गोष्ट कायम दिसते. बाहेर गेलेल्या मुलाची आत जागा असते. तो परत येणार हे गृहीत धरलेले असते आणि ते गृहीत धरणारी एक संस्था मागे उभी असते. हार्वर्डने लांबणीला परवानगी दिली याचा अर्थ हार्वर्डने वर्षभर एका खुर्चीवर रुमाल टाकून ठेवला. एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकणाऱ्या आम्हा लोकांना त्याचे मोल वेगळे सांगायला नको.

आता आपल्याकडे पाहू. एकोणिसाव्या शतकातल्या महाराष्ट्राचा शैक्षणिक इतिहास शिकवताना आपण सालांची माळ ओवतो. अमुक साली मॅट्रिक, तमुक साली बी.ए. दोन सालांच्या मधल्या दोऱ्याकडे कोणी पाहत नाही. आमच्या परीने आम्ही तो थोडा ताणून पाहिला.

धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८५८ चा आणि मॅट्रिक १८८१ ची. म्हणजे तेविसावे वर्ष. आजच्या प्रवेश अर्जावर हे कर्वे आले असते तर आम्ही त्यांच्याकडे प्रतिज्ञापत्रांची चळतच मागितली असती. मधली वर्षे कशी गेली याचा वृत्तान्त त्यांनी 'आत्मवृत्ता'त (१९१५) विलक्षण अलिप्तपणे दिला आहे. मराठी सहावीची सरकारी परीक्षा देण्यासाठी १८७५ च्या भर पावसाळ्यात ते सोबत्यांसह कोकणातल्या मुरुडहून पायी निघाले. सह्याद्री ओलांडून, शंभरावर मैल चालून साताऱ्यास पोचले. परीक्षेला सतरा वर्षे पुरी हवीत असा नियम होता. ती त्यांची पुरी झाली होती. परंतु समितीपुढे उभा राहिलेला मुलगा दिसायला फारच लहान, म्हणून त्यांना बसू दिले गेले नाही. आल्या वाटेने ते परत गेले. परीक्षा पुढे दुसऱ्या खेपेस कोल्हापुरास दिली, इंग्रजी शिक्षणाला त्याहून उशिरा तोंड लागले आणि एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झाले ते १८८४ साली. कागदावरचा नियम पाळला तरी चेहरा नियमात बसला नाही म्हणून गेलेले वर्ष! ते वर्ष कोणत्या रकान्यात भरायचे?

गोपाळ गणेश आगरकरांची वाट अधिकच खडतर. टेंभूचा हा मुलगा कऱ्हाडात थोडे इंग्रजी शिकतो, पुढची सोय नाही म्हणून कचेरीत उमेदवारी करतो, शिकायला म्हणून पायी रत्नागिरी गाठतो, तेथे निभाव लागत नाही म्हणून परततो, दवाखान्यात कंपाउंडर होतो, मग नात्याच्या आधाराने अकोल्यास जातो आणि १८७५ साली मॅट्रिक होतो. शिक्षण आणि खंड यांपैकी कशाला नियम म्हणावे आणि कशाला अपवाद, असा प्रश्न पडावा असे हे जीवन आहे. आगरकरांच्या गद्यात दारिद्र्याविषयी जो एक कोरडा, भावविवश न होणारा सूर आहे, तो डेक्कन कॉलेजात मिल आणि स्पेन्सर वाचून आलेला नाही, असे आम्हांस नेहमी वाटत आले आहे. तो या मधल्या वर्षांतून आलेला असावा. यावर आमच्या दोघांत मतभेद आहे. एकाच्या मते हे विधान जरा सैल आहे. असो.

टिळकांचे उदाहरण याच्या नेमके उलट आणि म्हणूनच बोलके. आगरकरांचे ते समवयस्क. जन्म दोघांचाही १८५६ चा. १८७२ साली मॅट्रिक होऊन टिळक पुढच्या वर्षी डेक्कन कॉलेजात दाखल झाले. प्रकृती तोळामासा होती. तेव्हा पहिले वर्ष शरीर कमावण्यात घालवायचे, असे त्यांनी ठरवले. व्यायाम, कुस्ती, पोहणे, आणि त्याला साजेसा आहार. अभ्यास पुढे पाहू. परीक्षेत ते नापास झाले आणि त्याची खंत त्यांनी कधी केल्याचे दिसत नाही. पुढे मंडालेपर्यंतच्या आयुष्यात त्या वर्षाने व्याजासकट परतफेड केली असे चरित्रकार कौतुकाने लिहितात, आणि ते खरेही असेल. पण वर्ष घालवायला लागणाऱ्या दोन गोष्टी त्यांच्यापाशी होत्या, हेही पाहिले पाहिजे. वडील वारले होते, तरी मागे काही शिल्लक ठेवून गेले होते. आणि कॉलेजच्या हजेरीपटावर नाव होते. टिळकांचे वर्ष कॉलेजच्या आत गेले. म्हणून तो निश्चय ठरला. आगरकरांची वर्षे बाहेर गेली. म्हणून ती हाल ठरली. दोघांच्या स्वभावातला भेद शोधणाऱ्यांनी या एवढ्या फरकाकडेही एकदा पाहायला हरकत नाही.

आणखी एक नाव घेतो, ज्याच्यावर एखादा परिच्छेदही क्वचित लिहिला जातो. गोपाळ कृष्ण गोखल्यांचे वडील १८७९ साली गेले. थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून कागलला नोकरी धरली. पगार पंधरा रुपये. त्यातले आठ ते दरमहा शिकणाऱ्या गोपाळला पाठवीत. धाकटा भाऊ १८८१ मध्ये मॅट्रिक झाला, १८८४ मध्ये एल्फिन्स्टनमधून पदवीधर झाला, हे सर्वांना पाठ आहे. गोविंदरावांचे मधले वर्ष मात्र संपले नाही. ते पुढे शिकले असते तर कोण झाले असते, हा प्रश्न निरर्थक आहे. पण त्या आठ रुपयांचा हिशेब शिक्षणाच्या इतिहासात मांडला गेला पाहिजे, एवढे आम्ही वर्गात दरवर्षी सांगतो.

मुलींचा तर विषयच काढायची सोय नाही. त्यांच्या वाट्याला अशी वर्षे आली ती लग्नाच्या बोलण्यांची किंवा धाकट्या भावंडांना सांभाळण्याची. आमच्या टेबलापुढे उभ्या राहणाऱ्या मुलींच्या प्रतिज्ञापत्रांतही तेच दोन शब्द असतात, 'घरगुती अडचणीमुळे'. त्या अडचणीशी ठरलेले लग्न पुढे मोडले, म्हणून ती आज आमच्यापुढे उभी आहे, असेही एकदा कळले होते. ते कळल्यावर आम्ही कागद लवकर पुढे सरकवला.

आजच्या महाराष्ट्रातही मधले वर्ष घेणारी मुले हजारोंनी आहेत, फक्त त्याला कोणी गॅप इयर म्हणत नाही. त्याचे नाव 'ड्रॉप'. बारावीला वैद्यकीय प्रवेशापुरते गुण पडले नाहीत की मुलगा लातूर नाही तर नांदेड गाठतो, 'रिपीटर'च्या तुकडीत बसतो आणि वसतिगृहाच्या खोलीत वर्ष काढतो. अभियांत्रिकीच्या वरिष्ठ प्रवेशपरीक्षेला लागोपाठच्या दोनच वर्षांत बसता येते, म्हणून तिकडे हे वर्ष एकदाच. वैद्यकीयला असे बंधन नसल्याने एकाचे दोन आणि दोनाचे तीन झालेलेही आम्ही पाहिले आहेत. दुसरीकडे गावोगावच्या डांबरी रस्त्यांवर पहाटे धावणारी भरतीची पोरे आहेत. पोलीस नाही तर सैन्य. त्यांचीही वर्षे मोकळीच, पण मोकळी म्हणता येऊ नयेत इतकी गच्च भरलेली. इंग्रज मुलाचे वर्ष जागा मिळाल्यानंतरचे; आमच्या मुलांचे जागा मिळेपर्यंतचे. शब्द एकच घेतला म्हणून वस्तू एक होत नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पदवीच्या वाटेत मध्येच उतरण्याची आणि पुन्हा चढण्याची सोय केली. पाठोपाठ २०२१ मध्ये श्रेयांक जमा ठेवणारी बँकही आली. प्रथमच एका व्यवस्थेने खुर्चीवर रुमाल टाकण्याचे कबूल केले, एवढे श्रेय तिला दिले पाहिजे. पण ती सोय आत आलेल्यांसाठी आहे. उंबऱ्याच्या बाहेर गेलेल्या वर्षाचे काय, याविषयी आमच्या टेबलावरचे नियम पूर्वीचेच आहेत.

तो गोठा सांभाळणारा मुलगा यंदा बी.ए. झाला. ग्रामीण साहित्याच्या उत्तरपत्रिकेत त्याने धारा काढण्याच्या वेळेविषयी एका लेखकाची चूक दाखवली होती. ती आम्ही दोघांनीही वीस वर्षे शिकवूनही आमच्या ध्यानात आलेली नव्हती. गेल्या आठवड्यात तो विभागात आला. बी.एड.च्या प्रवेशासाठी त्याला बारावीनंतरच्या त्या वर्षाचे प्रतिज्ञापत्र पुन्हा मागितले गेले आहे. जुन्याची झेरॉक्स चालेल का, की नव्याने करावे लागेल, असे तो विचारीत होता. आम्ही कपाट उघडून त्या सालची फाईल शोधू लागलो.